अण्णांचे शेवटचे महिने घरी : कोण आलं, काय शिकवलं, किती खर्च आला

माझे वडील, अण्णा, २०२५ च्या मे महिन्यात गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. गेले ते घरीच, पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात. त्यानंतर ओळखीपाळखीतून अधूनमधून फोन येतात, "डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, आता काय करायचं?" फोनवर हे कधीच नीट सांगून होत नाही, म्हणून एकदा क्रमाने लिहून काढते. मी डॉक्टर किंवा नर्स नाही. औषधांबद्दल जे लिहिलंय ते आमच्या पेशंटपुरतं, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

सुरुवात नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. अण्णांचे डोळे पिवळे दिसायला लागले, अंगाला खाज सुटली. कावीळ म्हणून गेलो, सोनोग्राफी झाली, मग सीटी. गाठ होती आणि यकृतातही गेली होती. पित्ताच्या नळीत स्टेंट टाकला, कावीळ उतरली, केमो सुरू झाली. तो काळ भराभर सांगते, कारण त्यात आम्ही डॉक्टर सांगतील ते करत होतो, आमच्या हातात काहीच नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांनी मला आणि दादाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आता केमोने फायदा कमी आणि त्रास जास्त. घरी न्या, सेवा करा."

सेवा करा म्हणजे नक्की काय करा, हे डिस्चार्ज कार्डावर नव्हतं. वेदनाशामक गोळी, पित्ताची गोळी, "दोन आठवड्यांनी दाखवणे" आणि सही. वेदना वाढल्या तर कुठे जायचं, रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा, एक ओळ नाही. बिलाच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी माझा चेहरा बघून विचारलं. त्यांच्या सासूबाईंचं हेच होऊन गेलं होतं. त्या म्हणाल्या, "पॅलिएटिव्हवाल्यांना आजच फोन करा. सगळे फार उशिरा करतात." पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी ठेवायची सेवा. इतका उपयोगी सल्ला त्या चार महिन्यांत मला दुसऱ्या कोणी दिला नाही.

इथे थोडी माहिती देते. पुण्यात वारजे इथे सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे, पेशंटला आणि सोबतच्या माणसाला तिथे राहता येतं, पैसे घेत नाहीत. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासूनचं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटना सांभाळणारं ठिकाण. त्यांचंच एक गोव्यात लोटलीला आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये या कामाचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यांची माणसं घरीही जातात. बाकी जिल्ह्यांत असाल तर आधी जिल्हा रुग्णालयात जाऊन "पॅलिएटिव्ह केअर कुठे बसतात?" असं थेट विचारा. केसपेपरच्या खिडकीवर माहीत नसेल तर एखाद्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरना विचारा, त्यांना माहीत असतं.

आम्हाला अण्णांना घरीच ठेवायचं होतं, म्हणून घरी येणाऱ्या एका संस्थेला फोन केला. त्यांनी फोनवरच डिस्चार्ज समरी, बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचा सीटी, चालू औषधांची चिठ्ठी आणि अण्णांचं आधार मागितलं. सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवलं. पत्ता त्यांच्या हद्दीत बसतो का ते पाहिलं (हे आधी विचारा, प्रत्येक टीमचा भाग ठरलेला असतो). मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर, सिस्टर आणि एक समाजसेविका अशा तिघी घरी आल्या. फी नाही. औषधंही बरीचशी त्यांच्याकडूनच मिळाली.

तोवर अण्णांची झोप उडाली होती. हे दुखणं पोटातून आरपार पाठीत जातं आणि उताणं झोपलं की वाढतं. पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. त्यामुळे ते रात्रभर पलंगाच्या कडेला बसून, समोरच्या घडीच्या टेबलावर उशी ठेवून, त्यावर कपाळ टेकून राहायचे. डॉक्टरांनी विचारलं, "शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" अण्णा म्हणाले, "सहन होतंय." आमच्या घरात हे वाक्य मोडलेल्या हातालाही वापरतात. डॉक्टर लिहायला लागल्या. सिस्टर मात्र टेबलाकडे गेल्या आणि उशीवरचा खड्डा हाताने चाचपला. "काका, इथं झोपता का तुम्ही? किती दिवस?" अण्णांनी उत्तर दिलं नाही, आईने दिलं.

त्या दिवशी मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, सुरू झालं आणि आमच्याकडे वादही. दादा नाशिकहून आला होता. तो म्हणाला, "मॉर्फिन म्हणजे शेवटचं औषध. आत्ताच कशाला?" मलाही मनातून तेच वाटत होतं. सिस्टरनी घाई केली नाही. दुखण्याला औषध दिल्याने माणूस लवकर जात नाही, डोस दुखण्याप्रमाणे वाढवता-कमी करता येतो, पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होईल ती बहुतेक निवळेल, पण बद्धकोष्ठ मात्र जाणार नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध रोज रात्री, विसरायचं नाही, असं सगळं त्यांनी सांगितलं. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं आणि आईकडून परत म्हणवून घेतलं.

गोळी दर चार तासांनी. त्यांनी आमच्याच कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला वेळा लिहून दिल्या: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्री १०ची दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. मधेच दुखलं तर द्यायची जादा गोळी वेगळ्या डबीत, आणि दिली की वेळ लिहायची. दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ बघून द्यायची, हे आईला पचायला वेळ लागला. "दुखत नाहीये तर कशाला उगाच गोळी?" असं ती रोज म्हणायची. चौथ्या की पाचव्या रात्री अण्णा आडवे झोपले. मग तिने विचारणं बंद केलं.

ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, शोधत फिरू नका. २०१४ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी झाली, तरी ती मान्यताप्राप्त संस्थांमधूनच मिळते. आम्हाला ठरावीक दिवसांच्या गोळ्या मोजून मिळत, रजिस्टरवर सही होई आणि रिकाम्या पट्ट्या परत द्याव्या लागत. पट्ट्या फेकू नका. सुट्टी लागून आली असेल तर दोन दिवस आधी फोन करून ठेवा.

आता अवघड भाग. अण्णांना "पोटात सूज आहे" एवढंच सांगितलेलं होतं. दादाचं म्हणणं ठाम होतं: कळलं तर ते खचतील. दारातच त्याने सिस्टरना बजावलं, "त्यांच्यापुढे कॅन्सर शब्द काढायचा नाही." सिस्टर म्हणाल्या, "दादा, मी स्वतःहून काही सांगणार नाही. पण काकांनी मला विचारलं, तर खोटंही बोलणार नाही. चालेल?" दादाला नाही म्हणता येईना.

पुढच्या भेटीत त्यांनी अण्णांचा बीपी घेतला, पट्टा सोडला आणि साधं विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतंय, काय चाललंय हे?" आणि गप्प बसल्या. आपल्याला असं गप्प बसता येत नाही, आपण लगेच "काही नाही हो, बरे व्हाल" म्हणून मोकळे होतो. अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले. ऐन तरुणपणी खेड्यातल्या पोस्टात होते तेव्हा तारा वाटायलाही जायचे. ते म्हणाले, "तार हातात घेऊन दारात उभं राहिलं की समोरच्याचा चेहरा बघायची सवय लागते. या दोघांचे चेहरे नोव्हेंबरपासून बघतोय. तार आलीय हे मला कळलंय, फक्त कोणी वाचून दाखवत नाही." दादा स्वयंपाकघरात गेला. मी तिथेच उभी राहिले. सिस्टरनी विचारलं, "वाचून हवीय का?" अण्णा म्हणाले, "नको. किती वेळ आहे तेवढं सांगा, मला कागद करायचेत."

"दिवस सांगता येत नाहीत काका, पण कागद या महिन्यात करा," एवढंच त्या बोलल्या. बाहेर गेल्यावर दादाजवळ पायऱ्यांवर बराच वेळ बसल्या. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या रात्री तो अण्णांच्या खोलीत झोपला.

अण्णा खचले नाहीत, उलट कामाला लागले. मार्चमध्ये झालेली कागदपत्रं इथे सविस्तर देते, कारण ती नंतर होत नाहीत.

बँकेचं खातं अण्णांच्या एकट्याच्या नावावर होतं. त्यात आईचं नाव घालून "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" असं करून घेतलं. सही थरथरायला लागली होती, चेकवरची सही जुळत नव्हती. अशा आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे: बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेत लेखी अर्ज दिला, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडलं. अधिकारी घरी आले, पण त्यासाठी आठवडा थांबावं लागलं आणि मधे दोनदा आठवण करावी लागली. अर्जाची पोच घ्या, तोंडी बोलून काही हलत नाही.

पेन्शनचा पीपीओ, म्हणजे मंजुरीचा कागद, काढून आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहिली. आईच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक निघाला. अण्णा असतानाच अर्ज केला म्हणून पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाला अडचण आली नाही. विमा, पोस्टाची बचतपत्रं, गॅसचं कनेक्शन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांची नॉमिनेशन्स त्यांनी स्वतः वहीत उतरवून काढली, कुठे काय आहे त्या कपाटाच्या खणासकट.

आणि लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं. "आयसीयू नको, व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत," हे अण्णांनी आपणहून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा त्यांची नावं त्यात लिहायची. अण्णांनी आई आणि मी अशी दोन लिहिली. शेजारचे काका आणि अण्णांचे पोस्टातले मित्र साक्षीदार झाले. नोटरी घरी आले, येण्याजाण्यासकट हजार रुपये घेतले. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना दिली, एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. तो अधिकारी कोण हे शोधण्यात बराच वेळ गेला, एका खिडकीवरून दुसरीकडे. पोच मिळाली शेवटी.

एप्रिलमध्ये अण्णा अंथरुणाला खिळले. हॉस्पिटलसारखी डोक्याकडून आणि पायाकडून वर होणारी कॉट भाड्याने आणली: महिन्याला २,००० रुपये, अनामत ५,०००, चौथ्या मजल्यावर चढवायचे वेगळे ६००. दाराची रुंदी आधी मोजा, आमची कॉट उभी करून आत न्यावी लागली. हवेची गादी विकतच घेतली, ३,००० च्या आसपास. तिच्यावर एकच चादर घालायची. आपण मायेने गोधड्या घालतो आणि गादीचा उपयोगच संपतो.

रात्रीसाठी ब्युरोतून मावशी ठेवल्या, बारा तासांचे ८०० रुपये, शिवाय ब्युरोची नोंदणी फी. पहिल्या ब्युरोने पाठवलेल्या बाई रात्रभर फोनवर होत्या, त्या बदलून मागितल्या. दुसऱ्या मावशी लातूरकडच्या, अण्णांशी उसाच्या भावावर गप्पा मारायच्या. प्रशिक्षित नर्स ठेवायची तर शिफ्टचे यापेक्षा दुप्पट पैसे पडतात. आमचं मावशींवर भागलं, कारण सिस्टरनी बाकी सगळं आम्हालाच शिकवलं.

शिकवलं म्हणजे करून दाखवलं आणि आमच्याकडून करून घेतलं. आईचं जुनं सुती लुगडं दुहेरी करून अण्णांच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवं घातलं. दोघांनी दोन बाजूंनी त्याच्या कडा अंगाजवळ गुंडाळून मुठीत धरायच्या, "एक दोन तीन" म्हणून उचलायचं आणि सरकवायचं. ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलवटते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पण पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन जरा कललेलं ठेवायचं. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली उशी. स्पंज करताना माकडहाड, टाचा, कोपरं, कानाची पाळी बघायची. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडायचं. पांढरं होऊन परत लाल झालं तर त्या बाजूवर झोपवायचं नाही. लालच राहिलं तर फोन करायचा. तिथे चोळायचं मात्र अजिबात नाही. शेवटपर्यंत अण्णांना बेडसोर झाला नाही.

तोंडाची काळजी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा. बोटाला गॉज गुंडाळून, त्यात बुडवून, पिळून, गालांच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हळू फिरवायचं. मग ओठांना व्हॅसलीन. पाणी गिळवेनासं झाल्यावर सिस्टरनी विचारलं, "काकांना काय आवडायचं?" कोकम सरबत. मग आई ते बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची, फोडून हरभऱ्याएवढा तुकडा रुमालात धरून त्यांच्या ओठांना लावायची. ते चोखायचे, कधी नुसतेच ओठ हलवायचे.

आईबद्दल एक सांगायला हवं. अण्णांचे डायपर बदलायला ती कोणालाच हात लावू देत नव्हती, आणि तिच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं. आम्ही तिच्याशी भांडत होतो. सिस्टरनी एके दिवशी आम्हाला खोलीबाहेर काढलं. नंतर कळलं की अण्णांनीच तिला सांगितलं होतं, "मुलीसमोर मला उघडं करू नकोस." सिस्टरनी वाट काढली. मावशी आणि आई मिळून करतील, कमरेवर कायम पंचा राहील, आणि मी त्या वेळी खोलीत यायचं नाही. इतकं साधं होतं, पण आमच्यापैकी कोणी तिला कारणच विचारलं नव्हतं. मग लघवीसाठी कॅथेटर घातला तेव्हाही सिस्टरनी आधी अण्णांना विचारलं, मग आईला.

मलाही एकदा विचारलं, "ताई, तुम्ही सलग किती तास झोपलात?" मी उत्तर द्यायच्या आत रडायला लागले. मला वाटत होतं हे लवकर संपावं, आणि असं वाटतं याची लाज वाटत होती. ते मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक घरांत मला हे कोणीतरी सांगतंच, फक्त दरवाजा लावून." मग वही घेऊन बसल्या आणि आमच्या पाळ्या लावल्या. माझ्या नावापुढे दुपारी दोन तास "घराबाहेर" असं लिहिलं. बाहेर जाऊन मी सुरुवातीला सोसायटीच्या बाकावर बसून राहायचे, तरी फरक पडायचा.

एप्रिलच्या अखेरीला कराडहून आत्या आली. अण्णांची धाकटी बहीण. आल्या आल्या तिने विचारलं, "सलाईन का नाही लावलं?" आणि संध्याकाळपर्यंत प्रकरण "माझ्या भावाला उपाशी मारताय" इथवर आलं. दादा डळमळला, गल्लीतल्या एका कंपाउंडरला बोलवायचंही ठरलं. मी सिस्टरना फोन केला. त्या ठरलेला दिवस नसताना आल्या, आणि आल्यावर आमच्याशी नाही, आत्याशी बोलल्या. तिला अण्णांच्या पायाशी बसवलं. "मावशी, इथं अंगठा दाबा." आत्याने दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. "अंगातलं पाणी आता असं बाहेर साठतंय. वरून बाटली लावली तर ते इथं येईल, नाहीतर छातीत जाईल, मग दम लागेल. खाणं बंद केलं म्हणून ते जात नाहीयेत. जायला निघालेत म्हणून खाणं बंद झालंय." आत्या काही बोलली नाही. सिस्टरनी तिला काम दिलं: कोकमाचा बर्फ आता तुम्ही भरवायचा, आणि पायांना खोबरेल तेल, जोर न लावता. त्यानंतर आत्या शेवटपर्यंत त्या स्टुलावरून फारशी उठली नाही. कंपाउंडरला नको म्हणून दादानेच कळवलं.

मे लागल्यावर अण्णा दिवसभर झोपून असायचे. गोळ्या गिळवेनात, तेव्हा सिस्टरनी छातीवर कातडीखाली बारीक सुई बसवली आणि त्यातून इंजेक्शन कसं द्यायचं ते मला शिकवलं. सिरिंज भरून, त्यांवर पट्टी चिकटवून, वेळ लिहून ठेवायच्या. माझे हात थरथरत होते, पण जमलं. कातडीतून देत असल्यामुळे शीर शोधायला लागत नाही.

त्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवून, पुढे काय दिसेल ते सांगितलं आणि कागदावर मराठीत लिहून दिलं. हातपाय गार पडतील. गुडघे निळसर दिसतील. लघवी कमी आणि गडद होईल. घशात घरघर होईल, ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पेशंटला बहुधा तितकं जाणवत नसतं. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा, नळी घालून ओढायचं नाही. श्वास थांबून थांबून येईल, मधे बराच वेळ येणारच नाही, परत येईल. बोलत राहा, कदाचित ऐकू येत असेल. खाली अधोरेखित करून: "घाबरून १०८ ला फोन केलात तर ते हॉस्पिटलला नेणार, त्यांचं ते कामच आहे. आधी आम्हाला करा." तो कागद फ्रिजवर लावला. मग विचारलं, "तुमच्याकडे शेवटी काय करतात?" आई म्हणाली, तुळशीपत्र आणि गंगाजल. "करा, पण चमचाभर ओतू नका, थेंब. आणि ते भान असतानाही चालतं, शेवटपर्यंत थांबायला नको." आईने दुसऱ्या दिवशी सकाळीच पूजा झाल्यावर दिलं.

एक काम अजून राहिलं होतं, आणि ते त्यांच्याच सांगण्यावरून झालं. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात ज्यांनी बघितलंय त्या डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो, तो नमुना ४ अ. दवाखान्यात झाला तर नमुना ४. कायद्याने त्याची फी घेता येत नाही. पण महिनोन्महिने न बघितलेल्या पेशंटचा दाखला मध्यरात्री द्यायला डॉक्टर कचरतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांना आधीच घरी आणून अण्णांना दाखवलं, फाइल दाखवली, रात्री फोन केला तर चालेल का ते विचारून ठेवलं.

१२ मेच्या पहाटे श्वास कागदावर लिहिल्याप्रमाणेच बदलला. घरघर सुरू झाली तशी दादाने फोन हातात घेतला होता. मी फ्रिजवरचा कागद काढून मोठ्याने वाचला आणि संस्थेच्या नंबरवर फोन लावला. डॉक्टर लाइनवर राहिल्या, लेबल लावलेली एक सिरिंज द्यायला सांगितली. कुशीवर वळवलं, घरघर कमी झाली. आत्या अभंग म्हणत होती, दादा चुकीच्या ओळी दुरुस्त करत होता. सव्वापाचला श्वास गेला तो आला नाही. आम्ही बराच वेळ थांबलो, कारण तोवर तो दरवेळी परत आला होता.

फॅमिली डॉक्टर सहाला आले, तपासलं, दाखला दिला. सिस्टर सातला आल्या. कॅथेटर आणि सुई काढली, गॉज लावलं. "काकू, तुम्ही पुसणार का तोंड?" आईने पुसलं. तोपर्यंत आम्हाला वाटत होतं की गेल्यावर त्यांचं काम संपलं.

दाखला, अण्णांचं आणि दादाचं आधार घेऊन पालिकेचा अंत्यसंस्काराचा पास काढला. झेरॉक्सचं दुकान उघडलेलं नसतं, प्रती आधीच काढून ठेवा. विद्युतदाहिनीत केलं, अण्णांचं तसं सांगणं होतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. स्मशानातून नोंद जाते हे खरं, पण नावाचं स्पेलिंग आपण जाऊन बघावं. दाखल्याच्या भरपूर प्रती एकदमच घ्या: बँक, पेन्शन, विमा, गॅस, सोसायटी, प्रत्येकाला वेगळी लागते.

घरच्या अडीच महिन्यांचा खर्च, कॉट, गादी, मावशी, डायपर आणि सटरफटर धरून, पन्नास हजारांच्या आत राहिला. सगळ्यात मोठा वाटा मावशींचा.

तेराव्यानंतर सिस्टर आणि समाजसेविका परत आल्या. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, रजिस्टरवर आईची सही घेऊन नेल्या. त्या घरात ठेवायच्या नसतात, कोणाला द्यायच्याही नसतात. आई झोपते का, जेवते का, एकटी कधी असते ते विचारलं. आईने त्यांना साडी दिली, त्यांनी घेतली नाही. उघडलेल्या नसलेल्या डायपरची पाकिटं आणि लघवीच्या पिशव्या मात्र पुढच्या पेशंटसाठी मागून घेतल्या. जूनमध्ये एक फोन आला, ऑगस्टमध्ये एक. आई आता आपणहून त्यांना फोन करते, बहुतेक गुडघ्यांबद्दल.

कॉट परत गेली, अनामत मिळाली, चाकाचे २०० कापून. हवेची गादी घरीच आहे. पंप चालू आहे, पिन जरा सैल आहे तेवढी बघावी लागेल. पुण्यात कोणाला लागली तर कळवा, घेऊन जा.